सामन्याची वेळ आणि उन्हाची झळ : विश्वचषक फुटबॉल स्पर्धांतील उष्णता व खेळाडूंची सुरक्षितता (१९५४ ते २०२६)

प्रस्तावना :

खेळाचा इतिहास लिहिताना विजेते संघ, गोलांची संख्या आणि नामवंत खेळाडूंची चरित्रे यांना साहजिकच अग्रस्थान मिळते. सामना किती वाजता सुरू झाला, ही बाब मात्र बहुधा तळटिपेतच राहते. वस्तुतः सामन्याची वेळ हा एक निर्णय असतो. तो कोणीतरी घेतलेला असतो आणि त्याचे परिणाम दुसऱ्याच कोणाला तरी भोगावे लागतात. व्यावसायिक फुटबॉलमध्ये हे परिणाम सर्वाधिक तीव्रतेने जाणवतात ते कडक उन्हात खेळल्या जाणाऱ्या सामन्यांत. जागतिक तापमानवाढीमुळे हा प्रश्न अलीकडे ऐरणीवर आला असला, तरी तो नवा नाही. त्याला किमान सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

प्रस्तुत शोधनिबंधात १९५४ ते २०२६ या कालखंडातील विश्वचषक फुटबॉल स्पर्धा केंद्रस्थानी ठेवून अतिउष्णता आणि खेळाडूंची सुरक्षितता यांच्या परस्परसंबंधांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. आवश्यक तेथे ऑलिम्पिक, कोपा अमेरिका आणि क्लब विश्वचषक या स्पर्धांचे दाखले दिले आहेत.

उद्दिष्टे व गृहीतक :

१) उष्ण हवामानात झालेल्या प्रमुख सामन्यांच्या वेळा कोणत्या कारणांनी ठरल्या, हे तपासणे.
२) बदली खेळाडू, पाणी व विश्रांती यांसंबंधीच्या नियमांत कसकसा बदल होत गेला, हे पाहणे.
३) या बदलांमागील प्रेरणांचे स्वरूप स्पष्ट करणे.

मैदानावरील ऊन निसर्गाचे असले तरी त्या उन्हात खेळण्याची वेळ माणसांनी ठरवलेली असते. आणि खेळाडूला मिळालेले संरक्षण हे बहुतेक वेळा ती वेळ बदलून नव्हे, तर ती कायम ठेवूनच देण्यात आले, असे प्रस्तुत निबंधाचे गृहीतक आहे.

उष्णता आणि खेळाडूचे शरीर :

ऐतिहासिक विवेचनाकडे वळण्यापूर्वी शारीरिक प्रक्रिया समजून घेणे आवश्यक आहे. धावणाऱ्या माणसाच्या स्नायूंत निर्माण होणाऱ्या ऊर्जेचा सुमारे चौथा किंवा पाचवा हिस्साच प्रत्यक्ष हालचालीसाठी उपयोगी पडतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ही उष्णता शरीराबाहेर टाकण्याचे मुख्य साधन म्हणजे घामाचे बाष्पीभवन. हवा दमट असेल तर घाम येतो, पण वाळत नाही. अशा वेळी शरीराचे अंतर्गत तापमान वाढत जाते. ते ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि मेंदूच्या कार्यात बिघाड दिसू लागला की त्यास उष्माघात म्हणतात. श्रमामुळे होणारा असा उष्माघात तरुण आणि निरोगी माणसाचाही प्राण घेऊ शकतो. त्यावर तातडीचा उपाय म्हणजे रुग्णाचे शरीर थंड पाण्यात बुडवून तापमान खाली आणणे. या उपायात मिनिटांनाही मोल असते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ हवेचे तापमान सांगून धोक्याचे मोजमाप होत नाही. आर्द्रता, थेट ऊन आणि वारा यांचाही विचार करावा लागतो. या सर्वांना एकत्र मोजणाऱ्या निर्देशांकास ‘वेट बल्ब ग्लोब तापमान’ असे म्हणतात. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाच्या नोंदीला ७० टक्के, काळ्या गोलकातील तापमापकाच्या नोंदीला २० टक्के आणि सावलीतील साध्या तापमापकाच्या नोंदीला १० टक्के असे महत्त्व देऊन उघड्या मैदानासाठी हा आकडा काढला जातो. त्याची पार्श्वभूमी लष्करी आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलाच्या पॅरिस आयलंड येथील प्रशिक्षण केंद्रात उन्हाने आजारी पडणाऱ्या नवशिक्या सैनिकांची संख्या कमी करण्यासाठी तो तयार करण्यात आला आणि कवायत केव्हा थांबवावी हे त्यावरून ठरवले जाऊ लागले. म्हणजे १९५० च्या दशकाअखेरीस हे मोजमाप उपलब्ध होते. फुटबॉलच्या विश्वचषकात त्याचा आधार घेऊन सामना अधिकृतपणे थांबवला जाण्यास मात्र २०१४ साल उजाडावे लागले.

लोझान, १९५४ : बदली खेळाडू नसलेला काळ :

२६ जून १९५४ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे यजमान संघ आणि ऑस्ट्रिया यांच्यात उपांत्यपूर्व फेरीचा सामना झाला. ऑस्ट्रियाने तो ७-५ असा जिंकला. एका सामन्यात बारा गोल हा विश्वचषकातील उच्चांक आजही अबाधित आहे. जर्मन भाषिक जगात मात्र हा सामना ‘लोझानची उष्णतेची लढाई’ या नावाने ओळखला जातो. त्या दिवशी तापमान ४० अंशांच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. ऑस्ट्रियाचा गोलरक्षक कुर्ट श्मीड याला सामन्याच्या सुरुवातीलाच उन्हाचा जबर त्रास झाला. पहिल्या वीस मिनिटांतच ऑस्ट्रियावर तीन गोल झाले.

आजच्या वाचकास प्रश्न पडेल की त्याला बाहेर का काढले नाही. याचे उत्तर नियमांत आहे. त्या काळी विश्वचषकात बदली खेळाडू घेण्याची मुभाच नव्हती. श्मीड बाहेर गेला असता तर संघाला दहा जणांनिशी खेळावे लागले असते. त्यामुळे तो गोलमध्ये उभाच राहिला आणि संघाचा मालीश करणारा सहायक गोलमागे थांबून त्याला सावरत राहिला. पुढच्या, म्हणजे उपांत्य सामन्यात श्मीड खेळू शकला नाही. या घटनेत दूरचित्रवाणीचा किंवा व्यापाराचा हात नव्हता. सामनाही भर दुपारी नव्हे, संध्याकाळी ५ वाजता सुरू झाला होता. येथे खेळाडूला संकटात टाकणारी गोष्ट ऊन ही होतीच. परंतु त्याला त्या संकटात अडकवून ठेवणारी गोष्ट नियम ही होती. हा भेद पुढील इतिहास समजण्यासाठी महत्त्वाचा आहे.

मेक्सिको, १९७० : उपग्रह आणि दुपारचे बारा :

१९७० ची स्पर्धा मेक्सिकोत झाली. उपग्रहाद्वारे रंगीत प्रक्षेपण झालेला हा पहिला विश्वचषक होय. मेक्सिकोतील दुपारचे १२ म्हणजे पश्चिम युरोपातील संध्याकाळचे ७ ते ८. युरोपातील प्रेक्षक घरी परतून दूरचित्रवाणी संचासमोर बसलेला असण्याची हीच वेळ. रविवारचे सामने दुपारी १२ वाजता ठेवण्यात आले. १४ जून १९७० रोजी उपांत्यपूर्व फेरीचे चारही सामने दुपारी १२ वाजता सुरू झाले आणि २१ जूनचा अंतिम सामनाही त्याच वेळी.

७ जून रोजी ग्वादालाहारा येथे झालेला ब्राझील-इंग्लंड सामना गोलरक्षक गॉर्डन बँक्सने पेलेचा हेडर अडवल्यामुळे अजरामर झाला. हा सामनाही भर दुपारच्या उन्हात खेळला गेला. घामावाटे जाणाऱ्या क्षारांची भरपाई व्हावी म्हणून इंग्लंडच्या संघाने मिठाच्या गोळ्यांची तरतूद केली होती. पुढे लिऑन येथील उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीविरुद्ध २-० असे पुढे असताना जर्मनीने एक गोल फेडला आणि त्यानंतर प्रशिक्षक आल्फ रॅम्झी यांनी ३२ वर्षांच्या बॉबी चार्ल्टनला बाहेर बोलावले. थकणाऱ्या खेळाडूला पुढच्या सामन्यासाठी जपून ठेवणे हा त्यामागील हेतू होता. इंग्लंडने तो सामना जादा वेळेत ३-२ असा गमावला. रॅम्झींच्या निर्णयावर नंतर बरीच टीका झाली. परंतु असा निर्णय घेता आला, याचे कारण विश्वचषकात दोन बदली खेळाडूंची मुभा त्याच वर्षी प्रथम मिळाली होती. लोझानच्या श्मीडला जे मिळाले नाही, ते सोळा वर्षांनी चार्ल्टनला मिळाले. मात्र वेळ दुपारचीच राहिली.

१९८२ आणि १९८६ : एक तुलना :

सामन्यांच्या वेळांमागील कारण निःसंदिग्धपणे दिसते ते लागोपाठच्या दोन स्पर्धांची तुलना केल्यावर. १९८२ ची स्पर्धा स्पेनमध्ये भर उन्हाळ्यात झाली. तेथे साखळी सामने साधारणतः संध्याकाळी सव्वापाच आणि रात्री ९ वाजता सुरू होत आणि अंतिम सामना माद्रिद येथे रात्री ८ वाजता झाला. १९९० मध्ये इटलीतही सामन्यांच्या वेळा संध्याकाळी ५ आणि रात्री ९ अशाच होत्या. या दोन्ही देशांत दुपारी १२ वाजता सामने ठेवण्याचा विचार कोणास सुचला नाही, कारण तेथील रात्र हीच युरोपीय प्रेक्षकांचीही रात्र होती. या दोन स्पर्धांच्या मधली १९८६ ची स्पर्धा मेक्सिकोत झाली, आणि तेथे पुन्हा दुपारचे १२ वाजले. युरोप आणि मेक्सिको येथील खेळाडूंच्या शरीररचनेत काही फरक नव्हता. फरक होता तो घड्याळांत.

ही स्पर्धा मूळ कोलंबियाला देण्यात आली होती. १९८२ मध्ये कोलंबियाने असमर्थता दर्शवल्यावर १९८३ मध्ये मेक्सिकोची निवड झाली. संयोजन समितीचे प्रमुख गिल्येर्मो कान्येदो हे एकाच वेळी फिफा या आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाचे उपाध्यक्ष आणि मेक्सिकोतील तेलेविसा या बलाढ्य दूरचित्रवाणी कंपनीचे उच्चाधिकारी होते. अंतिम सामना जेथे झाला ते आस्तेका स्टेडियमही याच उद्योगसमूहाच्या पुढाकाराने उभे राहिले होते. स्टेडियम, प्रक्षेपण आणि संयोजन यांच्या दोऱ्या अशा एकाच गाठीत बांधल्या गेल्या होत्या.

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. विरळ हवा आणि डोक्यावरचे प्रखर ऊन यांचा दुहेरी ताण खेळाडूंवर पडत होता. अर्जेंटिनाचे दिएगो माराडोना आणि होर्खे व्हाल्दानो यांनी दुपारच्या सामन्यांबद्दल जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. जोआओ हावेलांज यांच्या अध्यक्षतेखालील महासंघाने वेळा बदलल्या नाहीत. २२ जूनचा अर्जेंटिना-इंग्लंड सामना दुपारी १२ वाजता सुरू झाला आणि त्याच उन्हात माराडोनाने आपला सुप्रसिद्ध दुसरा गोल केला. २९ जूनचा अंतिम सामनाही दुपारी १२ वाजताच सुरू झाला. ज्यांनी तक्रार केली त्यांनीच तो जिंकला, आणि विजयाच्या जल्लोषात तक्रार विरून गेली.

येथे भारताचाही संबंध येतो. मेक्सिकोतील दुपारचे १२ म्हणजे भारतातील रात्रीचे साडेअकरा. दूरदर्शनवरून ही स्पर्धा पाहिलेल्या पिढीच्या मनात माराडोनाचे ते गोल कोरले गेले. गोवा आणि कोलकाता येथील असंख्य रसिक अर्जेंटिनाचे चाहते झाले ते याच काळात. मेक्सिकोतले ऊन अशा रीतीने जगभरच्या रात्रींना उजळून गेले. पाहणाऱ्याची सोय आणि खेळणाऱ्याची गैरसोय ही एकाच निर्णयाची दोन रूपे होती, हे अशा प्रसंगी प्रेक्षकांच्या ध्यानी येत नाही.

अमेरिका, १९९४ : पाण्याचा वाद :

१९९४ च्या स्पर्धेत अमेरिकेतील नऊ ठिकाणी सामने झाले. एकूण प्रेक्षकसंख्या ३५ लाखांच्या वर गेली. मैदानांवरील गर्दीच्या दृष्टीने स्पर्धा अत्यंत यशस्वी ठरली. मात्र ऑर्लँडो, डॅलस यांसारख्या ठिकाणी जून महिन्यातल्या भर दुपारी सामने खेळवले गेले. डॅलस येथे २७ जून रोजी जर्मनीने दक्षिण कोरियाविरुद्ध मध्यंतरापर्यंत तीन गोलांची आघाडी घेतली होती. उत्तरार्धात मात्र जर्मन खेळाडूंची दमछाक झाली आणि सामना ३-२ असा कसाबसा सुटला.

२४ जून रोजी ऑर्लँडो येथे आयर्लंड आणि मेक्सिको यांच्यातील सामना दुपारी साडेबारा वाजता सुरू झाला. आयर्लंडचे प्रशिक्षक जॅक चार्ल्टन यांनी खेळाडूंना पुरेसे पाणी पिऊ दिले जात नाही, अशी तक्रार सातत्याने मांडली होती. मैदानात पाण्याच्या पिशव्या फेकण्यास मनाई होती. तहानलेल्या खेळाडूने पाण्यासाठी रेषेजवळ यावे, अशी अपेक्षा होती. त्या सामन्यात बदली खेळाडूला आत सोडण्यास झालेल्या विलंबावरून आयर्लंडच्या गोटाचा अधिकाऱ्यांशी जोरदार खटका उडाला. परिणामी चार्ल्टन यांना दंड झाला आणि पुढील सामन्यात रेषेजवळ बसण्यास बंदी घालण्यात आली. मेक्सिकोने तो सामना २-१ असा जिंकला.

खेळाडूला पाणी मिळावे म्हणून आवाज उठवणारा प्रशिक्षक शिस्तभंग करणारा ठरतो, ही त्या काळच्या दृष्टिकोनाची निदर्शक घटना आहे. पाणी ही तेव्हा आरोग्याची बाब नसून खेळात व्यत्यय आणणारी बाब मानली जात होती. पासाडिना येथील अंतिम सामनाही स्थानिक वेळेनुसार दुपारी साडेबारा वाजताच सुरू झाला. तेव्हा मध्य युरोपात रात्रीचे साडेनऊ वाजले होते. १२० मिनिटे खेळूनही ब्राझील आणि इटली यांना एकही गोल करता आला नाही. उन्हामुळेच असे झाले, असा निष्कर्ष काढणे शास्त्रशुद्ध होणार नाही. तथापि, उष्णता खेळाचे स्वरूप बदलते याचा पुरावा पुढे मिळाला. मोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुमारे २१ अंश आणि ४३ अंश तापमानात खेळलेल्या सामन्यांची तुलना करण्यात आली. उष्ण हवेत खेळाडूंनी धावलेले एकूण अंतर ७ टक्क्यांनी, तर वेगाने धावलेले अंतर २६ टक्क्यांनी घटले. अचूक पासचे प्रमाण मात्र वाढले. खेळाडू आपली शक्ती राखून खेळतो, हा त्याचा अर्थ. शरीर स्वतःचे संरक्षण करू पाहते. धोका असतो तो सामन्याची ईर्ष्या शरीराचे हे सांगणे ऐकू देत नाही तेव्हा.

बीजिंग, २००८ आणि ब्राझील, २०१४ : न्यायालयाचा हस्तक्षेप :

२३ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग ऑलिम्पिकमधील फुटबॉलचा अंतिम सामना दुपारी १२ वाजता सुरू झाला. येथे कारण युरोपातील प्रेक्षकांचे नव्हते. त्याच स्टेडियममध्ये संध्याकाळी अॅथलेटिक्सच्या स्पर्धा व्हायच्या होत्या. म्हणजे कारण बदलले तरी खेळाडूच्या वाट्याला आलेली वेळ तीच राहिली. फरक इतकाच की दोन्ही सत्रांत पंचांनी खेळ थांबवून अर्जेंटिना व नायजेरियाच्या खेळाडूंना पाणी पिऊ दिले. चौदा वर्षांपूर्वी जो व्यत्यय होता, तो आता पंचांच्या अधिकारातील उपाय झाला होता.

उपाय ते अधिकार हा पुढचा टप्पा ब्राझीलमध्ये गाठला गेला. २०१४ च्या स्पर्धेतील अनेक सामने दुपारी १ वाजता ठेवण्यात आले होते आणि त्यांत उत्तरेकडील उष्ण व दमट शहरांचाही समावेश होता. ब्राझीलमधील व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने या प्रश्नावर कामगार न्यायालयात दाद मागितली. २० जून २०१४ रोजी ब्राझिलिया येथील न्यायालयाने आदेश दिला की वेट बल्ब ग्लोब तापमान ३२ अंशांच्या वर गेल्यास प्रत्येक सत्रात सुमारे तिसाव्या मिनिटाला खेळ थांबवून विश्रांती द्यावी. आदेश न पाळल्यास प्रत्येक सामन्यामागे दोन लाख रियाल दंड ठरवण्यात आला. अशी विश्रांती आपल्या वैद्यकीय धोरणात आधीपासूनच असल्याचे फिफाचे म्हणणे होते. तरीही हा आदेश ऐतिहासिक महत्त्वाचा आहे. तो क्रीडा लवादाने नव्हे, तर कामगार न्यायालयाने दिला. खेळाडू हा कामगार आहे, मैदान ही त्याची कामाची जागा आहे आणि त्या जागी त्याच्या जिवाची काळजी घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे, ही भूमिका त्यातून अधोरेखित झाली. आंदोलनाने आणि विनवणीने जे साधले नव्हते, ते कायद्याच्या भाषेत मांडल्यावर साधले.

२९ जून रोजी फोर्टालेझा येथील नेदरलँड्स-मेक्सिको सामन्यात विश्वचषकातील पहिली अधिकृत ‘शीतकरण विश्रांती’ देण्यात आली. दुसऱ्या सत्रात नेदरलँड्स एका गोलने मागे होते. विश्रांतीच्या वेळी प्रशिक्षक लुई व्हान गाल यांनी खेळाडूंना जवळ बोलावून डावपेच बदलले. अखेरच्या मिनिटांत दोन गोल करून नेदरलँड्सने सामना जिंकला. विश्रांतीचा असा उपयोग केल्याचे व्हान गाल यांनी स्वतः सांगितले. आरोग्यासाठी दिलेल्या तीन मिनिटांना अशा रीतीने पहिल्याच दिवशी डावपेचांचे मोल प्राप्त झाले. पुढे २०१९ मध्ये खेळाच्या नियमांत केवळ पाणी पिण्यासाठीची एक मिनिटापर्यंतची विश्रांती आणि शरीर थंड करण्यासाठीची दीड ते तीन मिनिटांची विश्रांती असा स्पष्ट भेद करण्यात आला.

कतार, २०२२ : ऋतू बदलला, पण कोणासाठी? :

२ डिसेंबर २०१० रोजी २०२२ ची स्पर्धा कतारला देण्यात आली, तेव्हा ती जून-जुलैतच होईल असे गृहीत होते. त्या महिन्यांतील उष्णता आरोग्यास धोकादायक ठरू शकते, असा इशारा फिफाच्याच पाहणी समितीने मतदानापूर्वी दिला होता. अखेर मार्च २०१५ मध्ये स्पर्धा हिवाळ्यात घेण्याचे निश्चित झाले आणि ती २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर २०२२ या काळात पार पडली. आठपैकी सात स्टेडियममध्ये शीतकरणाची व्यवस्था होती. घड्याळ तर बाजूलाच राहिले, येथे कॅलेंडरच बदलण्यात आले. वेळ बदलणे अशक्य असते, या युक्तिवादाला यानंतर काही अर्थ उरला नाही.

परंतु स्टेडियममध्ये उन्हाचा मारा सोसणारे केवळ खेळाडूच नसतात. ही स्टेडियम ज्यांनी बांधली त्यांत भारत, नेपाळ, बांगलादेश येथून गेलेले कामगार मोठ्या संख्येने होते. त्यांचे काम हिवाळ्यापुरते मर्यादित नव्हते. उन्हाळ्यातील दुपारी उघड्यावर काम करण्यास कतारमध्ये २००७ पासून काही तासांची बंदी होती. मे २०२१ मध्ये ती १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन अशी वाढवण्यात आली आणि वेट बल्ब ग्लोब तापमान ३२.१ अंशांच्या वर गेल्यास काम थांबवण्याचा नियम करण्यात आला. खेळाडूंसाठी ऋतू बदलण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला. कामगारांसाठी हा नियम सहा वर्षांनी आला, आणि तोवर बांधकामाचा मोठा भाग पूर्ण झाला होता. मरीन दलाचा सैनिक, ब्राझीलमधील खेळाडू आणि कतारमधील बांधकाम मजूर या तिघांचे संरक्षण एकाच मोजमापावर अवलंबून असावे, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

२०२४ ते २०२६ : जुना प्रश्न, नवी स्पर्धा :

२०२४ ची कोपा अमेरिका स्पर्धा अमेरिकेत झाली. २५ जून रोजी कॅन्सस सिटी येथील पेरू-कॅनडा सामन्यात एक सहायक पंच उष्णतेमुळे मैदानावरच कोसळले.  २०२५ च्या जून-जुलैमध्ये अमेरिकेतच झालेल्या क्लब विश्वचषकात पुन्हा दुपारी १२ आणि ३ वाजता सामने ठेवण्यात आले. १५ जून रोजी पॅरिस सेंट जर्मेन आणि अॅटलेटिको माद्रिद यांचा सामना दुपारी १२ वाजता झाला, आणि तोही १९९४ च्या अंतिम सामन्याच्याच, पासाडिनाच्या मैदानावर. सिनसिनाटी येथे बोरुसिया डॉर्टमुंडच्या राखीव खेळाडूंनी सामन्याचे पहिले सत्र मैदानाशेजारील बाकांवर न बसता ड्रेसिंग रूममध्ये बसून पाहिले. चेल्सीच्या एन्झो फर्नांडेझने आपणास चक्कर आल्याचे सांगून ही उष्णता अत्यंत धोकादायक असल्याचे मत व्यक्त केले.

व्यावसायिक खेळाडूंच्या फिफप्रो या जागतिक संघटनेने २६ अंश वेट बल्ब ग्लोब तापमानापासून विश्रांती द्यावी आणि २८ अंशांच्या वर सामना पुढे ढकलावा, अशी शिफारस केली आहे. २०१४ मध्ये विश्रांतीसाठी निश्चित झालेली मर्यादा ३२ अंशांची होती. या दोन आकड्यांमधील अंतर हा वैद्यकशास्त्राचा विषय तर आहेच; त्याशिवाय धोका कोणी आणि किती सोसावा याविषयीचा हा वाद आहे.

२०२६ च्या विश्वचषकासाठी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको येथील सोळा शहरांत १०४ सामन्यांचे नियोजन झाले. डिसेंबर २०२५ मध्ये फिफाने जाहीर केले की या स्पर्धेतील प्रत्येक सामन्यात, दोन्ही सत्रांत, सुमारे बाविसाव्या मिनिटाला तीन मिनिटांची पाणी-विश्रांती दिली जाईल, मग हवामान कसेही असो. १९९४ च्या तुलनेत हे मोठे परिवर्तन होय, यात शंका नाही. परंतु त्यातील विसंगतीही लपत नाही. छत आणि वातानुकूलन असलेल्या अटलांटा, ह्यूस्टन किंवा डॅलसच्या स्टेडियममध्ये आणि न्यूजर्सीच्या उघड्या स्टेडियममध्ये सारखीच विश्रांती मिळणार असेल, तर तिचा उष्णतेच्या मोजमापाशी असलेला संबंध तुटतो. अंतिम सामन्यासाठी हेच उघडे स्टेडियम, १९ जुलै ही तारीख आणि दुपारी ३ ही वेळ ठरवण्यात आली. तेव्हा मध्य युरोपात रात्रीचे ९ वाजलेले असतात. १९७० मध्ये सुरू झालेले घड्याळांचे गणित अशा प्रकारे छप्पन्न वर्षांनंतरही तेच राहिले.

निष्कर्ष :

१) विश्वचषकातील अतिउष्ण सामने हे केवळ यजमान देशाच्या हवामानाचे फलित नव्हते. १९८२, १९८६ आणि १९९० या स्पर्धांच्या तुलनेवरून दिसते की सामन्यांच्या वेळा ठरवण्यात युरोपातील प्रेक्षकांच्या सोयीचा वाटा मोठा होता.

२) खेळाडूंचे संरक्षण टप्प्याटप्प्याने वाढत गेले. १९७० मध्ये बदली खेळाडू, २००८ मध्ये पंचांच्या अधिकारात पाणी, २०१४ मध्ये मोजमापावर आधारित विश्रांती आणि २०२६ साठी सरसकट विश्रांती, असा हा क्रम आहे. या प्रत्येक सुधारणेने दुपारच्या सामन्याची हानी कमी केली. मात्र दुपारचा सामना रद्द केला नाही.

३) नियमांतील निर्णायक बदल खेळाडूंच्या वैयक्तिक तक्रारींतून झाला नाही. माराडोनासारख्या खेळाडूचा आणि चार्ल्टनसारख्या प्रशिक्षकाचा आवाजही अपुरा पडला. संघटना आणि कामगार कायदा यांचा आधार मिळाल्यावरच तो परिणामकारक ठरला.

४) कतारच्या उदाहरणाने सिद्ध केले की संपूर्ण स्पर्धेचा ऋतूही बदलता येतो. तेव्हा एखादा सामना दुपारऐवजी रात्री घेणे अशक्य आहे, असे म्हणता येत नाही.

समारोप :

लोझानच्या मैदानावर १९५४ मध्ये उन्हाने बेजार झालेला गोलरक्षक जागा सोडू शकला नाही, कारण नियमाने त्याला बांधून ठेवले होते. आजच्या खेळाडूच्या हाती पाण्याची बाटली आहे, बाकावर बदली खेळाडू आहे, मैदानाकडेला वैद्यक पथक आहे. त्याच्या हाती नाही ती सामन्याची वेळ. पाणी-विश्रांती स्वागतार्हच आहे. परंतु भर दुपारी सामना घेण्याचा परवाना म्हणून तिचा वापर होऊ लागला, तर संरक्षणासाठी केलेली सुधारणाच धोक्याला आधार देणारी ठरेल. वाढत्या तापमानाच्या काळात खेळाडूंच्या सुरक्षिततेची चर्चा विश्रांती किती मिनिटांची असावी येथे न थांबता सामना किती वाजता सुरू व्हावा आणि हे कोणी ठरवावे, या मूळ प्रश्नापर्यंत पोहोचली पाहिजे. वेळ ठरवणाऱ्यांच्या बैठकीत उन्हात उभे राहणाऱ्यांना स्थान मिळेल, तेव्हाच या इतिहासाला खऱ्या अर्थाने नवे वळण लागेल.